वर्ग भरला, आजी वेटिंगवर

अमिरातीतल्या शाळा म्हणजे चकचकीत स्मार्ट बोर्ड, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. शेख मोहम्मद बिन राशिद यांनी २०१२ साली सरकारी शाळांसाठी स्मार्ट लर्निंग कार्यक्रम सुरू केला: मुलांच्या हाती टॅब्लेट, वर्गात स्मार्ट बोर्ड, वेगवान ४जी. बहुतेक भारतीय मुलं मात्र खासगी शाळांत जातात. तिथे हा खर्च शेवटी फीमधूनच निघतो म्हणा.

मला इंजिनिअर म्हणून गंमत वाटते ती कायद्याची. इंटरनेटवरून बोलण्यावर इथे जुने निर्बंध आहेत. २०१७ च्या अखेरीस स्काइपही बंद झालं. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळांना टाळं लागलं आणि २२ मार्चपासून दूरस्थ शिक्षण सुरू झालं. आता बोलल्याशिवाय वर्ग कसा भरणार? दूरसंचार नियामकाने झूम, टीम्ससारख्या ठरावीक सेवांना मुभा दिली. व्हॉट्सअ‍ॅप कॉल मात्र बंदच! म्हणजे हायस्कूलमधला मुलगा आतल्या खोलीत बाईंशी समोरासमोर बोलतोय आणि नाशिकची आजी त्याला नुसते मेसेज पाठवतेय. टॅब्लेट तोच, वायफाय तेच.

ओळखीच्या काही घरांत मग नातवंडांनी आजीलाच झूम शिकवलं. दोन्ही मामा आले की चाळीस मिनिटांनी गप्पा तुटायच्या.