डेमलो संख्येतला शेवटचा एक

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव बहुतेकांना ६१७४ या संख्येमुळे माहीत असते. मला मात्र त्यांच्या ‘डेमलो’ संख्यांचे वेड आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. जिना चढायचा, वरच्या पायरीवर टेकायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे. नऊ एके घेऊन वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ अशी सतरा अंकी संख्या येते. कवीला हेवा वाटावा असे यमक आहे हे! कल्पना डोंबिवली स्टेशनावर सुचली, म्हणून ‘डेमलो’ नाव पडले असे सांगतात.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून विद्वानांनी त्यांना फारसे मोजले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. मास्तरांची सारी आकडेमोड कागद-पेन्सिलीवरची.

आता तोच नऊ एक्यांचा गुणाकार जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला सांगा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा एक गायब! चौथीतले पोरही विचारील, एकाला एकाने गुणल्यावर शेवटी शून्य कुठून आले?

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली, तीही वेबच्या पानावरच्या किरकोळ कामांसाठी. सगळ्या संख्यांना तिने एकच साचा वापरला. तो मुळात अपूर्णांकांसाठीचा, १९८५ मध्ये प्रमाण ठरलेला. त्यात ५३ द्विमान अंक मावतात. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांकाला जागा आहे. त्यापुढे दोन-दोनच्या उड्या सुरू होतात आणि विषम संख्येला जागाच उरत नाही. मग यंत्र शेजारची सम संख्या ठेवून देते आणि ब्र काढत नाही. मला खटकते ते हे गप्प बसणे.

आमचे उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, कचेरीचा कारभार उर्दूत चाले. जुन्या उर्दू दस्तऐवजांत रक्कम लिहिण्याची एक रीत असे. शंभर रुपये, ज्याचे निम्मे पन्नास होतात, असे लिहायचे. कुणी एक शून्य वाढवले तर निम्मे लगेच चुगली करी. लिहिणाऱ्याला आकड्याची भीती होती, म्हणून तो जपत असे.

सगळ्या भाषा सारख्या नाहीत. पायथनला हाच गुणाकार द्या, शेवटचा एक जागेवर असतो. संख्या वाढेल तशी ती जागा वाढवत जाते. २००१ च्या आवृत्तीपासून लहान पूर्णांकातून मोठ्यात जाणेही आपोआप होऊ लागले. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात ‘बिगइंट’ यायला २०२० साल उजाडले, आणि तेही अंकामागे ‘एन’ हे अक्षर आठवणीने लावले तर. ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक २०१० मध्ये असेच फुगले, तेव्हा कंपनीने प्रत्येक क्रमांक अक्षरांच्या रूपातही द्यायला सुरुवात केली.

उदगीरच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारील. एक्सेलसारखी तक्त्याची प्रणाली पंधराच अंक नेमके जपते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला, तर शेवटचा अंक शून्य होतो. अनुदानाची किंवा शिष्यवृत्तीची यादी अशी तयार झाली, तर पैसे अडकतात आणि हेलपाटे घालते ती विद्यार्थ्याची आई. खरे तर खाते क्रमांक ही संख्या नव्हेच, ते नाव आहे. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोण करतो? म्हणून याद्या भरणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे, रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे भरा. आधी आकडे भरून मग रकाना बदलला, तर गेलेला अंक परत येत नाही.