किरणोत्सारी आयोडीन उपचार आणि लाळग्रंथींची हानी : उपाययोजनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथीच्या विकारांवर दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन ही विसाव्या शतकातील अणुविज्ञानाने वैद्यकाला दिलेली मोठी देणगी होय. तथापि, या उपचाराने काही रुग्णांच्या लाळग्रंथींना कायमची इजा होते. प्रस्तुत लेखात या इजेवरील उपायांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उपचाराची पार्श्वभूमी :
१९३८ मध्ये ग्लेन सीबोर्ग व जॉन लिव्हिंगूड यांनी अमेरिकेतील बर्कले येथे सुमारे ८ दिवसांचे अर्धायुष्य असलेले आयोडीन-१३१ शोधले. १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ यांनी बोस्टन येथे थायरॉईडच्या अतिक्रियेवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार केला, तर १९४६ मध्ये सॅम्युएल सीडलिन व सहकाऱ्यांनी थायरॉईडच्या कर्करोगावरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. भारतात १९६३ साली मुंबईतील परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना झाली.

हानीचे कारण :
पेशीत आयोडाइड ओढून घेणारे वाहक प्रथिन १९९६ मध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाने ओळखले. हेच प्रथिन लाळग्रंथींच्या नलिकांतील पेशींतही आढळते. त्यामुळे थायरॉईडसाठी दिलेले आयोडीन लाळग्रंथीतही साठते. कानाजवळील ग्रंथीला अधिक इजा होते. जेवताना गाल सुजणे, तोंड कोरडे पडणे, चव जाणे व दात किडणे असे त्रास संभवतात.

लिंबाचा उपाय :
आंबट चघळल्यास लाळ वाहते व तिच्याबरोबर आयोडीनही निघून जाते, या तर्काने रुग्णांना लिंबाच्या गोळ्या देण्याचा प्रघात पडला. तर्क बिनतोड वाटत होता. मात्र २००५ मध्ये नाकादा व सहकाऱ्यांनी जपानमधील रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारानंतर तासाभरात गोळ्या सुरू केलेल्या गटात लाळग्रंथीदाह ६३.८ टक्के, तर २४ तासांनी सुरू केलेल्या गटात ३६.८ टक्के आढळला. लाळ स्रवताना ग्रंथीचा रक्तप्रवाह वाढतो व त्यासोबत अधिक आयोडीन ग्रंथीत येते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढील काही अभ्यासांनी वेगळे निष्कर्ष काढल्याने गोळी केव्हा व किती वेळा द्यावी, यावर एकमत झालेले नाही.

औषधे व शस्त्रक्रिया :
१९९८ मध्ये जर्मनीतील एका चाचणीत ॲमिफोस्टिन हे औषध संरक्षक ठरले होते. परंतु २००९ च्या कॉक्रेन समीक्षेत त्याचा लक्षणीय लाभ दिसला नाही. लाळ वाढविणारे पायलोकार्पिनही २००८ च्या अभ्यासात निष्प्रभ ठरले. इजा झाल्यानंतर भरपूर पाणी, ग्रंथीचे मालीश व दाहशामक औषधे यांचा आधार घेतला जातो. २००६ पासून या रुग्णांत सूक्ष्म दुर्बिणीने आकुंचित नलिका रुंद करून धुण्याचे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. या पद्धतीने अडथळा दूर होतो, परंतु नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत.

मात्रेचा विचार :
इजा मात्रेनुसार वाढत असल्याने मूळ प्रश्न मात्रेचाच ठरला. २००४ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ५०९ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉईड ऊतींच्या निर्मूलनास २५ ते ५० मिलीक्युरी पुरेसे असल्याचे आढळले. २०१२ मध्ये ब्रिटन व फ्रान्समधील चाचण्यांत ३० मिलीक्युरीचा परिणाम १०० मिलीक्युरीच्या तोडीचा ठरला. २०२२ च्या फ्रेंच चाचणीने तर, कमी जोखमीच्या रुग्णांत हा उपचार टाळल्यास तीन वर्षांपर्यंत नुकसान दिसत नाही, असे दाखविले.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, तर्काने पटणारा उपायही प्रयोगाने पारखल्याविना ग्राह्य मानू नये. लाळग्रंथी वाचविण्याचे अनेक मार्ग शोधले गेले. परंतु त्यांपैकी सर्वांत भरवशाचा मार्ग, म्हणजे आवश्यक तेवढेच आयोडीन आवश्यक त्याच रुग्णाला देणे, हा उपचारातील संयमाचा आहे. दूर पसरलेल्या कर्करोगात मोठी मात्रा आजही टाळता येत नाही. अशा रुग्णाला संभाव्य इजेची पूर्वकल्पना देणे हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते.