रूपांतराची चौकट आणि चौकटीबाहेरची साक्ष

निसर्गचित्रांचा इतिहास बहुधा विज्ञानाच्या किंवा कलेच्या दालनात मांडला जातो. संहिता म्हणून त्यांचे वाचन क्वचितच होते. मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) हिचा सुरिनाममधील कीटकांच्या रूपांतरावरील ग्रंथ १७०५ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. अशा वाचनाची गरज त्यावरून ध्यानात येते.

कुजक्या मांसात अळ्या आपोआप उपजतात, या समजुतीला फ्रांचेस्को रेदीने १६६८ मध्ये प्रयोगाने छेद दिला. मेरियन त्याआधीपासूनच रेशीमकिडे पाळून निरीक्षण करीत होती. १६७९ च्या आपल्या पहिल्या कीटकग्रंथातील ५० ताम्रपटांत तिने सुरवंट, कोष आणि फुलपाखरू त्यांच्या खाद्यवनस्पतीवरच एकत्र कोरले. कालक्रमाने घडणारे सारे येथे एका चौकटीत येते. म्हणून हे चित्र केवळ वर्णन नव्हे, ते निवेदन आहे.

१६९९ मध्ये ती धाकट्या मुलीसह सुरिनामला गेली आणि १७०१ मध्ये परतली. त्या प्रवासातून ६० पटांचा ग्रंथ सिद्ध झाला. काही प्रतींसाठी ताज्या छापावर ओलसर कागद दाबून उलटा, फिकट ठसा घेत; त्यावर हाताने रंग भरला की कोरीव रेघ जवळजवळ लोपून जाई. प्रत्येक रंगीत प्रत त्यामुळे पृथक ठरते. येथे 'मूळ प्रत' ही कल्पनाच डळमळते.

मात्र खरा पेच पंचेचाळिसाव्या पटाशी उभा राहतो. त्यावर मराठी वाचकाला शंकासुर म्हणून परिचित असलेली फुले आहेत आणि त्यांच्यासोबत पतंगाच्या अवस्था. शेजारील मजकूर वेगळेच सांगतो. डच मळेवाल्यांच्या जाचातील मूळनिवासी स्त्रिया आपली मुले गुलाम होऊ नयेत म्हणून या झाडाच्या बिया खाऊन गर्भपात करीत. आफ्रिकेतून आणलेले गुलाम, मृत्यूनंतर आपण मायदेशी मुक्त होऊन पुन्हा जन्मू, या श्रद्धेने कधी प्राणत्यागही करीत. हे त्यांनीच आपणास सांगितले, अशी मेरियनची नोंद आहे. चित्र जन्मसाखळीचे सातत्य दाखवते. मजकूर ती साखळी तोडणाऱ्या स्त्रियांची साक्ष देतो.

ही साक्षही निर्मळ नाही. रानात मेरियनसाठी वाट तोडणारे हात गुलामांचेच होते. परतीच्या जहाजावर तिच्यासोबत एक मूळनिवासी स्त्री होती. तिचे नाव ग्रंथात नाही. साक्ष नोंदवणारी लेखणी त्याच व्यवस्थेच्या आधाराने चालत होती.

पुढे यांतील कित्येक पट ग्रंथातून सुटे होऊन भिंतींवर लागले आणि मजकूर मागे राहिला. सौंदर्यास्वादाच्या नावाने झालेली ही फारकत निरुपद्रवी नाही. तिने त्या स्त्रियांचा एकमेव उच्चार पुसला. चित्र आणि मजकूर एकत्र वाचणे हे म्हणूनच येथे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.