तोडा, रंजकदान आणि तोसदान

मध्ययुगीन हिंदुस्थानातील युद्धपद्धतीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच तोफा व बंदुका यांच्याकडे जाते. इ. स. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने तोफांचा व तोड्याच्या बंदुकांचा जो उपयोग केला त्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. परंतु बंदूक ही एकटी कधीच कामास येत नाही. दारूचे शिंग, रंजकदान, गोळ्यांची पिशवी, गज आणि तोडा एवढे साहित्य अंगावर असेल तरच ती शस्त्र ठरते. एरव्ही ती लोखंडाची केवळ एक नळी होय. हे साहित्य कोणाच्या मालकीचे होते, ते कोण तयार करी आणि त्यात काय भरले आहे हे कोणास ठाऊक असे, या प्रश्नांच्या उत्तरांत सैनिक व राज्यसंस्था यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास दडलेला आहे.

प्रथम या साहित्याचे कार्य लक्षात घेतले पाहिजे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या द्रावणात भिजवून वाळविलेली सुती दोरी. ती मंदपणे धुमसत राही. चाप ओढताच तोड्याचे जळते टोक नळीच्या कानाजवळील वाटीत उतरे, तेथील रंजक पेट घेई आणि कानावाटे ती आग नळीतील दारूपर्यंत पोचे. रंजकाची दारू बारीक, तर नळीत ठासावयाची दारू जाडसर असे. म्हणून दोन निरनिराळी पात्रे बाळगावी लागत. प्रत्येक बाराच्या वेळी दारू ओतणे, गोळी घालणे, गजाने ठासणे, रंजक भरणे आणि तोडा सरसावणे ही सर्व कामे क्रमाने करावी लागत. पावसात तोडा विझे व रंजक ओले होई. शिवाय एका हाती जळता विस्तव व कमरेला दारू अशी ही स्थिती असल्याने साहित्याची मांडणी हा जिवाचा प्रश्न होता.

मोगल दरबारात या उपकरणांना दुहेरी महत्त्व लाभले. बंदुकीची नळी दारूच्या काजळीने भरून जाते. ती साफ करण्यासाठी बैलाच्या साहाय्याने फिरणाऱ्या एका यंत्राचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. त्या यंत्राने एका वेळी १६ नळ्या साफ होत. इ. स. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात अकबराने वापरलेल्या ‘संग्राम’ बंदुकीचे नाव प्रसिद्धच आहे. जहांगीर तर शिकारीचा निस्सीम शौकीन. आपण स्वतः मारलेल्या प्राण्यांची संख्या त्याने आत्मचरित्रात १७,१६७ अशी नोंदविली आहे. हरणे व इतर पशू कोरलेली हस्तिदंती रंजकदाने आज अनेक वस्तुसंग्रहालयांत आढळतात, ती या शिकारी संस्कृतीची निशाणी होत. साध्या शिपायाजवळ जनावराचे शिंग असे, तर उमरावाजवळ हस्तिदंत. कार्य मात्र एकच.

युरोपात याच काळी निराळी दिशा दिसू लागते. हेग येथे इ. स. १६०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याकोब द खेइन याच्या सचित्र कवायतग्रंथात बंदूक भरण्याउडविण्याच्या क्रियेचे चाळिसांहून अधिक टप्पे दाखविले आहेत. एका बाराची मोजलेली दारू भरलेल्या लहान लाकडी कुप्या शिपाई पट्ट्याला अडकवून खांद्यावरून घेत. पुढे दारू व गोळी एकत्र गुंडाळलेली कागदी काडतुसे रूढ झाली. मात्र काडतुसाला एक अट असते. सर्व नळ्यांचा व्यास सारखा असल्याखेरीज एकच काडतूस सर्वांना चालत नाही. ज्याची बंदूक त्याच्याच मापाची, आणि गोळीचा साचाही त्याचाच, अशी व्यवस्था असेपर्यंत काडतूस सार्वत्रिक होणे शक्य नव्हते. म्हणजे काडतुसामागे सरकारी कारखाना व साचेबंद उत्पादन ही गृहीतच असतात.

मराठी राज्यातील शिलेदार व बारगीर हा भेद येथे उपयोगी पडतो. शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला ती सरकारातून मिळत. तोड्याचा बंदूकधारी आपल्या साहित्याच्या बाबतीत बहुधा शिलेदाराच्या जातीचा होता. अठराव्या शतकात बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आणि पुढे इ. स. १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या पदरी असलेला द ब्वान्य यांच्या कवायती पलटणींमुळे हे चित्र पालटले. चकमकीची बंदूक, संगीन आणि काडतुसांचे तोसदान हे शिपायाचे ठरावीक साहित्य बनले. ‘तोशा’ म्हणजे वाटखर्चीची शिदोरी; ती ठेवण्याचे पात्र ते तोसदान. शिदोरीचा शब्द काडतुसांना लागला, आणि ही शिदोरी आता घरची नसून सरकारी कोठाराची होती.

या परिवर्तनाचा खरा अर्थ इ. स. १८५७ मध्ये प्रकट झाला. कंपनीचे शिपाई कागदी काडतूस दातांनी तोडण्यास सरावलेले होते. तेव्हा केवळ दातांनी तोडण्याची क्रिया हे असंतोषाचे कारण नव्हे. एन्फील्ड रायफलीच्या आट्यांच्या नळीत गोळी सरकण्यासाठी काडतुसाला वंगण आवश्यक होते, आणि त्यात गाईची व डुकराची चरबी असल्याचा संशय जानेवारीपासून पसरला. बहरामपूरच्या १९ व्या पलटणीचा संशय तर काडतुसाच्या कागदावर होता. मीरत येथे २४ एप्रिल रोजी ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली ती जुन्याच पद्धतीची होती. यावरून वाद वस्तूपेक्षा विश्वासाचा होता, हे स्पष्ट होते. स्वतःच्या शिंगातून दारू ओतणाऱ्या बंदूकधाऱ्याला आपल्या हातातील पदार्थ ठाऊक असे. तोसदानातील काडतुसात काय आहे हे मात्र शिपायाला वरिष्ठांच्या शब्दावर मानावे लागे. तो शब्द खोटा वाटू लागताच तोसदानही संशयास्पद ठरले.

उठावानंतर निःशस्त्रीकरणाची मोहीम झाली व इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्रांबरोबर दारूगोळाही परवान्याच्या कक्षेत आणला. बंदुकीवरील सत्ता ही अखेर तिच्या शिदोरीवरील सत्ता असते, ही जाणीव त्या कायद्यामागे होती. इ. स. १८५७ ची चर्चा धर्मभावना की राजकीय असंतोष या दोन पक्षांत अनेकदा अडकून पडते. बंदूकधाऱ्याच्या अंगावरील साहित्याचा इतिहास पाहिल्यास या दोन्हींना जोडणारा दुवा हाती येतो: शिपाई आपल्या साधनांचा धनी राहिला नव्हता, आणि ज्याने ती साधने दिली त्याच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.