ठरवून न जुळवलेली सोयरीक

युरोपातल्या कडक हिवाळ्याच्या बागांत एप्रिल-मेमध्ये सायीच्या रंगाच्या फुलांनी वाकलेले ब्रूमचे झुडूप दिसले, तर ते बहुधा 'प्रीकॉक्स' असते. रानटी पिवळ्या ब्रूमच्या फांद्यांचे झाडू होत, हे काहींना ठाऊक असेल. खरे नवल प्रीकॉक्सच्या जन्माचे. १८६७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या वॉर्मिन्स्टरला, व्हीलर यांच्या रोपवाटिकेत ते आपोआप उगवले. त्याचे एक पालक स्पेन-पोर्तुगालचा पांढरा ब्रूम, तर दुसरे स्पेन आणि फ्रान्सच्या डोंगरांवरचा पिवळा 'पर्गन्स'. माझे म्हणणे असे, की थंडीला पुरून उरणारा हा ब्रूम माळ्याच्या हुशारीने घडला नाही. तो शेजाराने आणि मधमाशीने घडवला.

ब्रूमच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. मधमाशी खालच्या पाकळ्यांवर बसली की तिच्या भाराने त्या फाटकन उघडतात. आखूड पुंकेसर तिच्या पोटावर आपटतात, तर लांब पुंकेसर आणि कुक्षीवृंत पाठीवर. अशी माखलेली माशी शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या जातीवर गेली, की सोयरीक जुळली.

कुणी विचारेल, दोन्ही जाती स्पेनच्याच, मग हे तिकडे रानातच का घडू नये? माझा तर्क असा: पांढरा ब्रूम खालच्या उतारांवर आणि पर्गन्स उंचावर, म्हणून गाठ क्वचितच पडत असावी. रोपवाटिकेने ती उंची पुसून टाकली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसाच्या हातूनही संकर घडलाच की. इंग्लंडमधल्या क्यू वनस्पती-उद्यानात १९०० मध्ये डॅलिमोर यांनी हाताने परागण करून ब्रूमचा संकर केला. पण त्यासाठी वापरलेला तांबूस 'अँड्रियानस' हासुद्धा नॉर्मंडीच्या रानात सापडलेलाच होता. शिवाय क्यूलाच त्याच वर्षी 'बीनी' हा संकर बियांच्या रोपांत कुणी न करता उगवला.

घडवला नसला, तरी हा ब्रूम जपायचा माळ्यालाच; म्हणून प्रीकॉक्स लावताना पर्गन्सचे डोंगरी वळण लक्षात ठेवावे. माती हलकी, पाण्याचा निचरा होणारी आणि ऊन भरपूर हवे. मुळे हलवलेली त्याला खपत नाहीत, तेव्हा रोप लहान असतानाच कुंडीतून कायमच्या जागी न्यावे. फुले गेल्यावर छाटावे, पण जुन्या लाकडात कात्री घालू नये. बी पेरले तर मूळचे रोप निघेलच याचा नेम नाही, म्हणून ते छाटकलमानेच वाढवतात. अपघाताने जुळून आलेले गुण हातचे जाऊ न देणे, एवढेच श्रेय माळ्याचे.