एका तक्त्याची शंभर वर्षे

समुद्रात खोल उतरण्यापेक्षा तिथून वर येणे जास्त धोक्याचे असते. हे माणसाला मोठी किंमत मोजून कळले. 1870 नंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणायला मजूर नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेने भरलेल्या प्रचंड पेट्यांत उतरत. पाळी संपवून वर आले की काहींचे सांधे असह्य दुखत, काही लुळे पडत, काही दगावत. पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही 1872 मध्ये याच आजाराने गाठले. त्यांची तब्येत पुढे कायमची ढासळली.

कारण सांगितले पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने, 1878 मध्ये. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तामांसात विरघळतो. दाब एकदम उतरला की गोटी सोडा फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. मग सुखरूप वर यायचे कसे? हा प्रश्न ब्रिटिश नौदलाने जॉन स्कॉट हाल्डेन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी लंडनमध्ये एका पोलादी कोठीत बकऱ्या ठेवून प्रयोग केले. दाब निम्म्यावर आणला तरी सहसा त्रास होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून ठरावीक खोलीवर थांबत थांबत वर येण्याचा तक्ता 1908 मध्ये प्रसिद्ध झाला. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन तेराव्या वर्षी या मोहिमेत पाण्यात उतरला होता. पुढे तोही मोठा शास्त्रज्ञ झाला आणि त्याने भारताचे नागरिकत्व घेतले.)

हाच धागा अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये पुढे गेला. या पुस्तकाच्या आवृत्त्यांचा इतिहास मला एखाद्या चरित्रासारखा वाटतो. 1957 च्या सुमारास वर येण्याचा वेग मिनिटाला 60 फूट ठरला, तो कसा ते पाहा. जड शिरस्त्राण घालणारे पाणबुडे मिनिटाला 25 फुटांनी दोराने वर ओढले जात. फ्लिपर लावून पोहणाऱ्या जवानांना 100 फूट हवे होते. दोघांत तडजोड झाली ती 60 फुटांवर. सेकंदाला एक फूट, मोजायलाही सोपे. हौशी पाणबुड्यांच्या शाळांनी हा आकडा जसाच्या तसा उचलला आणि तो विज्ञानाचा निष्कर्ष असल्यासारखा वर्षानुवर्षे शिकवला. 1990 च्या दशकात नौदलाने स्वतःच तो निम्मा, म्हणजे 30 फूट केला.

दुसरी गोष्ट शरीराची. नौदलाचा तक्ता तरुण, तंदुरुस्त जवानांसाठी होता. वर त्यांचा अधिकारी घड्याळ धरून उभा असे आणि बिघडलेच तर उपचाराची दाबकोठी हाताशी असे. पोट सुटलेल्या, पन्नाशीच्या पर्यटकाकडे यातले काय असते? 1988 मध्ये हौशी लोकांसाठी वेगळा तक्ता आला. 60 फुटांवर नौदल 60 मिनिटे राहू देई, तिथे याने 55 दिली. 100 फुटांवर 25 च्या जागी 20.

तिसरा धडा अलीकडचा आहे. खोल बुडी मारणाऱ्या हौशी मंडळींत एक समजूत पसरली होती की वर येताना बरेच खोल असतानाच थांबे घ्यावेत, म्हणजे बुडबुडे होणारच नाहीत. तर्क पटण्यासारखा होता. अमेरिकी नौदलाने तो तपासला. जवान 170 फुटांवर 30 मिनिटे राहिले. वर येताना थांब्यांचा एकूण वेळ सारखाच ठेवला, फक्त वाटणी बदलली. उथळ थांब्यांच्या 192 बुड्यांत 3 जणांना आजार झाला, खोल थांब्यांच्या 198 बुड्यांत 11 जणांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. खोल थांबताना शरीराचे काही भाग नायट्रोजन सोडण्याऐवजी शोषतच राहतात. हा अहवाल 2011 चा. त्याआधी 2008 मध्ये नौदलाने 1957 चे जुने तक्तेच काढून नवे आणले होते आणि 2016 मध्ये तेही पुन्हा सुधारले.

ज्या संस्थेत हुकूम मोडायची सोय नाही, तिने आपलेच पुस्तक पुन्हा पुन्हा खोडले याचे मला अप्रूप वाटते. कोणी नियम सांगितला तर तो कधी ठरला, कोणाच्या शरीरावर तपासला आणि त्यानंतर बदलला का, एवढे विचारायला हरकत नसावी. मालवणला किंवा अंदमानला बुडी मारायला जाणाऱ्या माझ्या वाचकांना एवढेच सांगेन: मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा आणि तक्त्यातल्या शेवटच्या मिनिटापर्यंत खाली राहू नका. ते शेवटचे मिनिट दाबकोठी जवळ असणाऱ्यांचे आहे.