मिसेस बी.चा वर्ग

‘कन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ नावाचं दोन खंडांचं एक इंग्रजी पुस्तक आहे. पहिल्या आवृत्तीवर साल छापलंय 1806. लेखकाचं नाव मात्र पुढच्याही कित्येक आवृत्त्यांवर नव्हतं. ते लिहिलं होतं जेन मार्सेट यांनी. 1769 मध्ये लंडनमध्ये एका स्विस व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नवरा जिनिव्हाचा, लंडनमध्ये डॉक्टर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. लहान मुलांपुढे उष्णता कशी मांडावी हे शोधत मागे मागे जाताना या बाई मला भेटल्या, आणि माझ्या मते या विषयाच्या शिकवण्याचा इतिहास त्यांच्यापासूनच सांगायला हवा.

मार्सेटबाई लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकायला जात. व्याख्यान झपाट्याने पुढे सरकायचं आणि बरंच काही निसटायचं. घरी आल्यावर ओळखीच्या माणसाशी त्यावर बोलणं झालं, प्रयोग पुन्हा केले, की मग उमगायचं. म्हणून त्यांनी पुस्तकच गप्पांचं केलं. मिसेस बी. ही शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी. एमिली शांत आणि विचारी. कॅरोलाइन मध्येच बोलणारी, पटलं नाही तर तसं सांगणारी. त्या काळच्या पाठ्यपुस्तकात मुलीने शिक्षिकेला अडवणं ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तक मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलेलं होतं, पण वाचलं सगळ्यांनी. इंग्लंडमध्ये 1853 पर्यंत त्याच्या सोळा आवृत्त्या निघाल्या.

प्रास्ताविक संपलं की लगेच प्रकाश आणि उष्णता. हा क्रम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्याकडून आलेला. त्यांनी 1789 मध्ये 33 मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात अगदी वर प्रकाश आणि ‘कॅलरिक’ होतं. कॅलरिक म्हणजे उष्णता नावाचा एक वजन नसलेला, दिसत नसलेला द्रव. तो तापलेल्या वस्तूतून गार वस्तूत वाहतो, पदार्थाच्या कणांमध्ये शिरून त्यांना दूर ढकलतो, म्हणून लोखंड तापलं की फुगतं. मिसेस बी. हेच शिकवते. आणि हे चूक आहे.

चूक असल्याचा संशय तेव्हाही होता. रम्फर्ड यांनी 1798 मध्ये म्युनिकच्या कारखान्यातला आपला अनुभव प्रसिद्ध केला होता. तोफेच्या ओतीव नळीला बोथट हत्याराने भोक पाडायला लावलं, भोवती पाणी ठेवलं, आणि अडीच तासांत ते पाणी विस्तवाशिवाय उकळलं. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, तर ती वस्तूत साठवलेला द्रव कशी असेल? ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांच्याच पुढाकाराने 1799 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. तरीही कॅलरिक आणखी चाळीस-पन्नास वर्षं टिकलं. 1840 च्या दशकात मायर आणि जूल यांची कामं आली, तेव्हा कुठे त्याची सद्दी संपत आली.

मग चुकीचा सिद्धांत शिकवणारं पुस्तक मला इतकं मोलाचं का वाटतं? कारण त्यात टेबलावर काहीतरी घडत असतं. इथर आणि पाण्याचा प्रयोग पाहा. काचेच्या घुमटाखालची हवा पंपाने काढून घेतली की इथर उकळू लागतं आणि त्यालाच लागून असलेलं पाणी गोठतं. उकळणं आणि गोठणं एकाच जागी, एकाच वेळी. वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते, हे यापेक्षा ठसठशीत कसं दाखवणार? आमच्या मुलांनी हीच गोष्ट माठाच्या ओल्या पाठीवर हात ठेवून ओळखलेली असते, फक्त तिच्याकडे कुणी त्यांचं लक्ष वेधलेलं नसतं.

दुसरा प्रयोग पिक्टे यांचा. दोन अंतर्वक्र धातूचे आरसे समोरासमोर, मध्ये काही फुटांचं अंतर. एकाच्या नाभीपाशी तापवलेला लोखंडी गोळा, दुसऱ्याच्या नाभीपाशी तापमापक. तापमापकातला पारा चढतो. आता गोळ्याच्या जागी बर्फ ठेवा, तर पारा उतरतो! जणू थंडीच आरशावरून उडी मारून आली. जिनिव्हाच्याच प्रेव्हो यांनी 1791 मध्ये त्याचा उलगडा केला: प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते आणि घेत असते. बर्फासमोरचा तापमापक देतो जास्त, त्याला परत मिळतं कमी. कॅलरिक गेलं, हा उलगडा मात्र अजून उभा आहे. निरीक्षण खरं असेल तर त्याच्यावरचं स्पष्टीकरण बदलता येतं. नुसती व्याख्या पाठ केलेल्या मुलाच्या हाती ती व्याख्या चूक ठरल्यावर काय उरतं?

या पुस्तकाचा सगळ्यात प्रसिद्ध वाचक एका लोहाराचा मुलगा होता. मायकेल फॅरडे 1805 मध्ये, चौदाव्या वर्षी, ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकायला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा, त्यात हेही होतं. मार्सेटबाई 1858 मध्ये वारल्या, तेव्हा फॅरडेंनी एका पत्रात आठवण लिहिली: त्यातली विधानं ते जमतील तसे छोटे प्रयोग करून पडताळत, आणि ती खरी उतरली म्हणून त्यांचा पुस्तकावर विश्वास बसला. पोराने बाईंची परीक्षा घेतली आणि बाई उत्तीर्ण झाल्या. शिक्षिका म्हणून याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

पुढे फॅरडेंनी स्वतः मुलांना शिकवलं. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नाताळ व्याख्यानांना 1825 मध्ये सुरुवात झाली, त्यातल्या एकोणीस मालिका त्यांनी दिल्या. मेणबत्तीवरची मालिका 1848 मध्ये आणि पुन्हा 1860-61 मध्ये झाली. मेणबत्तीच्या टोकाला वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते, ती का? ज्योतीने तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते, ती कडेच्या मेणाला थंड ठेवते, म्हणून मधलं मेण वितळतं आणि काठ उभा राहतो. नक्षीदार, पन्हळी मेणबत्तीला असा सरळ काठ धरत नाही, म्हणून ती ओघळते. आमच्या पुस्तकात याला अभिसरण म्हणतात आणि चौकटीत व्याख्या देतात. फॅरडेंनी आधी ओघळ दाखवला. मी वर्गात एक चांगली आणि एक खाचा पाडलेली अशा दोन मेणबत्त्या शेजारी पेटवते, खिडकी बंद करून. शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

वहनाचंही, म्हणजे पदार्थातून उष्णता पुढे सरकण्याचंही, तसंच. दाराची लोखंडी कडी आणि लाकडी फळी, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत, तरी कडी जास्त गार लागते. मुलं ठाम सांगतात की कडी गारच असते. मग गोधडीचं विचारलं की तितकंच ठाम उत्तर येतं: “बाई, गोधडीतच गरमी असते.” म्हणजे वस्तूत साठवलेली उष्णता. कॅलरिकवाले थोर लोक आणि माझी तिसरीची मुलं, दोघांचा पाया एकच, आणि म्हणून मला या मुलांना अडाणी म्हणवत नाही. रोझलिंड ड्रायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मुलांच्या अशा कल्पनांवर एक अख्खं पुस्तक काढलं, त्यात उष्णता आणि तापमानाला वेगळं प्रकरण आहे. मुलांची ही मतं पुसून टाकायची नसतात, तपासायला लावायची असतात.

1990 मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका लेखात मॅसॅच्युसेट्समधला चौथीचा वर्ग आहे. मुलं म्हणाली, स्वेटर गरम असतो, टोपी गरम असते. शिक्षिकेने सांगितलं, तपासा. मुलांनी स्वेटरमध्ये, टोपीत, गुंडाळलेल्या सतरंजीत तापमापक ठेवले. तापमान वाढलं नाही. मुलं म्हणाली, वेळ कमी पडला. रात्रभर ठेवले, तरी तेच. गार हवा शिरली असणार म्हणून पुढच्या वेळी कडेकोट बंदोबस्त केला. तरीही तेच. इतके दिवस ही बाई उत्तर सांगत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. माझ्या वेळापत्रकात असे दिवस काढणं सोपं नाही, पण मी काढते, खोलीचा साधा तापमापक गोधडीत गुंडाळून. डॉक्टरांचा इथे कामाचा नाही, कारण त्याची पट्टी साधारण 35 अंशांपासून सुरू होते.

शेवटी त्या शिक्षिकेने दोन मतं फळ्यावर मांडली. उष्णता कुठल्याही वस्तूतून, अगदी टोपीतूनही येऊ शकते, हे एक. उष्णता सूर्यातून आणि आपल्या शरीरातून येते आणि कपडे ती अडवून धरतात, हे दुसरं. प्रत्येकाने आपली बाजू निवडली. मग दुसरं मत तपासायचं कसं, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, टोपी डोक्यावर असताना तापमापक आत ठेवायचा. मधल्या सुट्टीत तो वर्ग टोप्यांखाली तापमापक घालून मैदानावर गेला.